हॉलची एक भिंत : रंग नंतर, वजन आधी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन बसमध्येच राहिलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे 'अं', 'म्हणजे', 'काय म्हणत होतो मी' असतं ते काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय अ‍ॅक्सेंट वॉल. खोलीच्या चार भिंतींपैकी एकीला बाकी तिघींपेक्षा वेगळं करायचं. रंगाने करा, लाकडाने करा, वॉलपेपरने करा, दगडाने करा. आत येणाऱ्याची नजर आधी तिथे जाऊन टेकली पाहिजे, एवढंच काम. तुम्ही रील बघत असाल तर दर दहाव्या रीलमध्ये कुणीतरी टीव्हीच्या मागे काहीतरी चिकटवत असतं. आमच्या घरात, म्हणजे अणदूरला, गेल्या वर्षी हाच विषय निघाला आणि तो तीन महिने चालला. त्या तीन महिन्यांत मी जे वाचलं, मोजलं, गवंड्याला आणि पेंटरला विचारलं, ते सगळं इथे सांगतो. मी सिव्हिलवाला नाही. कॉम्प्युटरचं बीटेक, नोकरी पुण्यात. त्यामुळे वजनाचा हिशोब एका सिव्हिलवाल्या मित्राकडून तपासून घेतला आहे.

आधी एक गैरसमज. एक भिंत वेगळी करण्याची कल्पना इन्स्टाग्रामची नाही आणि परदेशातून तर मुळीच आलेली नाही. तिकडचा इतिहास आहेच. चंदीगड शहर आखणारा ल कॉर्ब्युझिए, त्याने १९३१ साली एका वॉलपेपर कंपनीसाठी ४३ रंगांचा संच काढला होता. रंगाने भिंत पुढे आणता येते किंवा मागे ढकलता येते, असं त्याचं म्हणणं. पण पालघरकडच्या वारली घरात लग्नाच्या वेळी एका भिंतीवर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठाने चौक काढतात, आणि तो सुवासिनी काढतात. ती त्या घराची त्या दिवसांपुरती अ‍ॅक्सेंट वॉलच की. त्याच चित्रकलेला कागदावर आणि जगभर नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि आता वारलीचे स्टेन्सिल ऑनलाइन मिळतात. आपल्या मराठवाड्यात लग्नघराच्या दर्शनी भिंतीला चुना मारून पेंटर केळीचे खांब, कलश, हत्ती काढायचा आणि खाली नवरा-नवरीचं नाव आणि तारीख. लग्न होऊन दहा वर्षं झाली, पोरं शाळेत गेली, तरी ती तारीख तिथेच. गावात फिरताना कुणाच्या लग्नाला किती वर्षं झाली ते भिंत वाचून सांगता यायचं.

तर आता आमचं घर. अणदूर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तुळजापूर तालुका, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गाजवळ. खंडोबाचं गाव. हा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला मुक्कामाला जातो आणि बाकीचे आमच्याकडे असतो. आमचं घर गावातल्या पुष्कळ घरांसारखं दोन काळांचं आहे. मागे जुनं माळवद, दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, भिंतीत देवळी. पुढे रस्त्याच्या बाजूला नंतर बांधलेली स्लॅबची हॉल आणि एक खोली. हॉलची टीव्हीची भिंत म्हणजे हॉल आणि आतली खोली यांच्यामधली साडेचार इंची विटांची भिंत. बारा फूट लांब, दहा फूट उंच.

हे मुद्दाम सांगतोय. कारण कुठल्याही रीलमध्ये 'तुमची भिंत कशाची आहे' हा प्रश्न कुणी विचारत नाही.

कुठली भिंत?

यात फार डोकं लावायची गरज नाही. दारातून आत आल्यावर जी भिंत पहिल्यांदा दिसते, किंवा बसल्यावर सगळ्यांची तोंडं जिकडे असतात, ती. खिडकीची भिंत घेऊ नका. गडद भिंतीच्या मध्ये उजेडाचा चौकोन आला की डोळ्याला त्रास होतो, आणि रंगही नीट दिसत नाही, कारण डोळा उजेडाशी जुळवून घेतो आणि भिंत काळपट वाटते. ज्या भिंतीला तीन दारं, फ्रिज आणि कपाट आहे ती पण घेऊ नका. तिथे भिंत उरतेच किती?

आपल्याकडे अजून एक गोष्ट बघावी लागते. मराठी घरातल्या हॉलच्या मुख्य भिंतीवर आधीच वस्ती असते. हार घातलेले आजोबा, घड्याळ, कालनिर्णय, तुळजाभवानीची फ्रेम, कुणाचं तरी सत्काराचं स्मृतिचिन्ह. डिझायनर लोक म्हणतात हे सगळं काढा. मी म्हणतो, काढू नका. त्यातलं काय राहणार आहे ते आधी ठरवा आणि मग रंग ठरवा. काळ्या लाकडाच्या फ्रेमा असतील तर गडद निळ्या भिंतीवर त्या गायब होतील आणि वर्षश्राद्धाला घरातली मोठी माणसं तुम्हाला विचारतील की आजोबा कुठे गेले.

दगड

आमच्याकडे पहिला प्रस्ताव आला दाजींकडून. माझ्या ताईचे मिस्टर, हौशी माणूस. मोबाइल पुढे करून म्हणाले, "पाव्हणं, ह्यो एकच डिझाइन बगा. आख्ख्या भिंतीला काळा दगूड. नळदुर्गाच्या किल्ल्यासारखा." दिसायला छानच होतं, यात वाद नाही. काळ्या बेसॉल्टच्या फरशा, दोन-दोन सेंटिमीटर जाडीच्या, वरून पिवळा फोकस लाइट. नळदुर्गाचा पाणीमहाल १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बोरी नदीचं पाणी त्या बंधाऱ्यावरून पडताना बघितलेल्या माणसाला काळ्या दगडाचं आकर्षण वाटणारच. ठेकेदाराला विचारून भाव पण आला.

आई-वडिलांना पसंत होतं. आजी मात्र खाटेवरून एकच वाक्य बोलली. "दगूड नगं भिताडाला. एकदा बगितलाय."

त्या वाक्याचा अर्थ लातूर-धाराशिवकडच्या ऐकणाऱ्यांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत जमिनीवर आली. ६.२ च्या आसपासचा भूकंप. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान येतो. माझा जन्म त्यानंतरचा. आजी तेव्हा चाळिशीत होती. अणदूर त्या सर्वांत जास्त पडलेल्या गावांत नव्हतं, पण हादरे तर बसलेच होते, आणि नंतर कितीतरी दिवस घरातली माणसं अंगणात झोपायची. पाऊस आला तरी.

६.२ हा जगाच्या हिशोबात फार मोठा भूकंप नाही. जपानमध्ये एवढ्याने इतकी माणसं जात नाहीत. मग इथे का गेली? हा भाग जरा नीट ऐका, कारण तो तुमच्या टीव्हीच्या भिंतीपर्यंत येतो.

जुन्या माळवदाच्या घराची भिंत दोन-तीन फूट जाड, कुठे त्याहून जास्त. बाहेरून भक्कम वाटते. पण ती एक भिंत नसते, दोन असतात. एक बाहेरची थर, एक आतली थर, आणि मध्ये बारीक दगड आणि माती भरलेली. दगड न घडवलेले, गोलसर. जोडायला मातीचा चिखल. या दोन थरांना शिवणारे, आरपार जाणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. वर छपराला लाकडी फळ्यांवर मातीचा जाड थर, दरवर्षी गळू नये म्हणून अजून माती घालत घालत वाढलेला. जमीन हलली की दोन थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि दगड मोकळे होऊन खाली येतात. वरून ती माती. कितीतरी घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती पडल्या. म्हणजे माणसं छपरापेक्षा भिंतीनेच जास्त मारली.

नंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. काही गावं नव्या जागी बांधली, आणि पुष्कळ जुनी घरं मजबूत करायचे उपाय सांगितले गेले. छपरावरची माती कमी करा. भिंतीत आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे दुवे घाला. वरून सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा घाला. तिन्हीचा मतितार्थ साधा आहे : वजन कमी आणि बांधणी घट्ट. भूकंपाचा जोर भिंतीवर बाहेरून येऊन आदळत नाही. जमीन सरकते, आणि भिंतीचं स्वतःचं वजन जागेवर राहायला बघतं. जितकं वजन जास्त तितका आडवा जोर जास्त. अकरावीच्या फिजिक्समधलं बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, बस.

आता दाजींच्या डिझाइनचा हिशोब करू. भिंत १२ गुणिले १०, म्हणजे १२० चौरस फूट, साधारण ११ चौरस मीटर. बेसॉल्टची घनता घनमीटरला २,९०० किलोच्या आसपास. दोन सेंटिमीटर जाडीची फरशी म्हणजे चौरस मीटरला ५८ किलो. चिकटवायला मागे दीड सेंटिमीटर सिमेंट-वाळूचा माल, त्याचे अजून ३० किलो. एकूण ८८ किलो. गुणिले ११.

जवळपास एक टन.

आणि ज्या भिंतीवर हा टन लटकणार, त्या साडेचार इंची भिंतीचं प्लास्टरसकट स्वतःचं वजन सुमारे तीन टन. म्हणजे भिंतीच्या वजनात एक तृतीयांशाची भर, आणि तीसुद्धा एकाच बाजूला. ती भिंत बांधताना हे वजन कुणी धरलेलं नव्हतं. १९९३ च्या आधी किल्लारीचा भाग भूकंपाच्या सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ च्या सुधारित नकाशात हा पट्टा झोन तीनमध्ये गेला. झोन तीनसाठी मानकात धरलेला गुणक ०.१६. अगदी ढोबळ भाषेत, त्या एक टन दगडावर शे-दीडशे किलोचा आडवा झटका येऊ शकतो असं समजा. आणि खाली सोफा. सोफ्यावर कोण बसतं, तर आजी.

तुलनेसाठी : त्याच भिंतीला दोन हात रंग द्यायचा तर दोन लिटर पुरतात, आणि वाळल्यावर भिंतीवर राहणारा रंग दीड-दोन किलो.

हा हिशोब मी कागदावर काढून दाजींना दाखवला. माणूस समंजस आहे. दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "मग आजीनं बिगर कागदाचाच केलता की हिशोब."

न्यायाने बोलायचं तर दगड कुठेच लावू नका असं मी म्हणत नाही. एक सेंटिमीटरच्या पातळ चकत्या मिळतात, वजन बरंच उतरतं. आरसीसीच्या चांगल्या भिंतीवर, स्टीलच्या क्लिपा लावून, कमरेच्या उंचीपर्यंत लावला तर प्रश्न वेगळा. पण पुट्टी आणि रंग असलेल्या भिंतीवर जर कुणी नुसत्या चिकटवणाऱ्या मालाने दगड लावून देतो म्हणत असेल, तर त्याला हात जोडा. तो दगड भिंतीला चिकटत नाही, पुट्टीला चिकटतो. आणि पुट्टी म्हणजे पापडासारखा थर. भूकंपाची वाट बघायची पण गरज नाही, दोन उन्हाळे पुरे.

याच्या उलटी एक फॅशन आहे, जुन्या वाड्याच्या भिंतीचा गिलावा खरवडून आतला दगड उघडा करायचा. घडीव दगड चुन्यात बसवलेला असेल तर ठीक. पण आपल्या माळवदाच्या भिंतीत सांध्यांत माती असते. गिलावा गेला की ती माती वर्षावर्षाला झडते, उंदीर पोखरतात, आणि भिंत आतून पोकळ होत जाते. फोटो चांगला येतो, हे मान्य.

ओल

पीव्हीसी पॅनल, वॉलपेपर, लाकडी पट्ट्या, हे सगळं वजनाला हलकं. मग तेच का नाही? कारण झाकतं. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात तिरप्या भेगा येतात, खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणाऱ्या. ती भेग म्हणजे घराचा लॉग आहे, सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल मी काय म्हणतोय. भेग वाढतेय का, थांबलीय का, हे दिसत राहिलं पाहिजे. पॅनल लावलं की लॉग बंद.

ओलीची चाचणी फुकटात होते. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद घ्या, भिंतीवर चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढताना बघा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली आहे. भिंतीला लोणा लागलेला असेल, म्हणजे पांढरी खारट पावडर सुटत असेल, तर चाचणीचीही गरज नाही. आधी ओल कुठून येते ते शोधा. गच्चीचा पाइप, बाथरूमची भिंत, अंगणाची पातळी. त्याच्या आधी कुठलाही रंग म्हणजे नाल्यात पैसे.

चुना

आता माझा आवडता भाग, यावर मी तासभर बोलू शकतो, पण बोलणार नाही.

मागच्या माळवदाच्या खोलीला वडिलांनी काही वर्षांपूर्वी प्लास्टिक पेंट देऊन घेतला होता. दोन पावसाळ्यांत फुगे आले आणि पोपडे पडले. कारण सरळ आहे. दगड-मातीची भिंत जमिनीतून ओल खेचते आणि पृष्ठभागावरून सोडते. प्लास्टिक पेंट म्हणजे भिंतीला रेनकोट. घाम आतच राहतो, रंगाला ढकलतो.

चुना असं करत नाही. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरतो कळीचा चुना. तो पाण्यात टाकला की उकळतो, विरतो. भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे तुम्ही भिंतीवर रंग लावत नाही, दगडाचा कागदाएवढा पातळ थर उगवता. दगड हवाच असेल तर हा घ्या! त्याला बारीक छिद्रं राहतात, ओल बाहेर जाते.

आपल्या भागातल्या भिंतीचा अनुभव जुना आहे. अजिंठ्याची चित्रं बघा : खडकावर माती, दगडाची भुकटी, वनस्पतींचे तंतू, भाताचा तूस यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले, असं २०१६ मध्ये संशोधकांनी मांडलं. हसू नका. तंतू मातीला धरून ठेवतो, एवढाच त्याचा तिथे उपयोग.

चुन्यात रंग कुठला घालायचा यालाही नियम आहे. चुना तीव्र अल्कली असल्यामुळे बरेच रंग त्यात मरतात. टिकतात ते खनिज रंग. गेरू टिकतो, पिवडी टिकते, कपड्याची नीळ टिकते. म्हणून गावातल्या जुन्या भिंती पांढऱ्या, निळसर, पिवळ्या नाहीतर गेरूच्या. कोकण-गोव्यात देवळांवर जी काव कला दिसते, लाल काव आणि पांढरा चुना, तीही याच रसायनावर उभी आहे. नीळ जेमतेम चिमूटभर घातली तर चुना निळा दिसत नाही, जास्त पांढरा दिसतो. पिवळटपणा निळ्याने मारला जातो. आजीच्या पांढऱ्या लुगड्याला नीळ द्यायची ती याच कारणाने.

मागच्या खोलीत आम्ही हेच केलं. पोपडे खरवडले, भिंत मोकळी केली, पाणी मारलं, आणि तीन भिंतींना नीळ घातलेला चुना, देवळीच्या भिंतीला गेरू घातलेला. पातळ पातळ तीन हात, कुंच्याने. पहिला हात लावताना काहीच झाकत नाही असं वाटतं, वाळल्यावर उमटतो, धीर धरा. थोडा डिंक घातला तर कपड्याला कमी लागतो. आणि डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, हे गंमत म्हणून सांगत नाहीये. कळीचा चुना विरवताना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहा आणि दवाखाना गाठा.

हॉलमध्ये मात्र चुना चालला नसता. तिथे पुट्टी आणि त्यावर प्लास्टिक पेंट आधीच होता, आणि चुन्याला शोषून घेणारा पृष्ठभाग लागतो. त्यामुळे तिथे साधा मॅट इमल्शन.

मोबाइलवरचा रंग आणि भिंतीवरचा रंग

वडिलांना भंडाऱ्याचा पिवळा हवा होता. खंडोबाचं गाव, चूक काही नाही. मोबाइलवर रंग निवडला, फोटोत भिंतीवर लावून बघितला, सुंदर दिसला. पण मोबाइलचा पडदा स्वतः उजेड देतो आणि भिंत दुसऱ्याचा उजेड परत करते. तुमच्या ट्यूबमध्ये जो रंगच नाही तो भिंत कुठून परत करणार? गावाकडे सगळीकडे ६,५०० केल्विनची पांढरी-निळी एलईडी ट्यूब. तिच्याखाली पिवळा हिरवट होतो आणि गेरू चहाच्या चोथ्यासारखा दिसतो. स्वस्त एलईडीत लाल रंगाचा भाग कमी असतो. बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा बघा, ८० च्या वर जितका जास्त तितका बरा, आणि हॉलसाठी ३,००० ते ४,००० केल्विनचा घ्या. कधी कधी रंगाऐवजी बल्ब बदलूनच भागतं, आणि ते कुणी रीलमध्ये सांगत नाही कारण त्यात बघायला काही नाही.

दुसरं म्हणजे शेड कार्डावरचा दोन इंचाचा तुकडा आणि बारा फुटांची भिंत एक नाही. मोठ्या पृष्ठभागावर तोच रंग जास्त भडक वाटतो. कार्डावर आवडला त्यापेक्षा एक पायरी मळकट घ्या. आम्ही छोटा डबा आणून जुन्या कुलरच्या खोक्याचा दोन-दोन फुटांचा पुठ्ठा रंगवला, पांढरी पट्टी कडेने सोडली आणि तीन दिवस तो भिंतीवर वेगवेगळ्या जागी लावून बघितला. सकाळी, भर दुपारी, रात्री टीव्ही चालू असताना. पिवळा तिथेच बाद झाला, दुपारी डोळ्यावर यायचा.

शेड कार्डाच्या मागे बऱ्याचदा एलआरव्ही लिहिलेला असतो, म्हणजे रंग किती टक्के उजेड परत करतो. पांढरा ८० च्या वर, गडद निळा किंवा मरून दहाच्या खाली. एकच खिडकी असलेल्या हॉलमध्ये बारा फुटांची भिंत दहाच्या खाली नेलीत तर दिवसा लाइट लावावी लागेल. टीव्हीच्या मागे मधला आकडा चांगला, २० ते ४०. पडद्याच्या आणि भिंतीच्या उजेडात फार फरक राहत नाही, डोळे कमी थकतात. आणि मॅटच घ्या. चकचकीत रंगात ट्यूबचं प्रतिबिंब दिसतं आणि पुट्टीतला प्रत्येक उंचवटा पण.

शेवटी गेरूकडे झुकणारा, थोडा धूसर मातकट रंग ठरला. हॉल आणि मागची देवळीची भिंत एकमेकींच्या बहिणी वाटतात आता.

एक इशारा राहिला. गावाकडच्या हॉलमध्ये खाली चार फूट ऑइल पेंटचा पट्टा असतो. तो घासल्याशिवाय नवा रंग धरत नाही. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि कोरडा घासला की ते धुळीतून लहान मुलांच्या पोटात जातं. पाणी मारून ओलाच घासा, मुलांना आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला दोन दिवस दुसरीकडे ठेवा, आणि धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

खर्च विचाराल तर हॉलच्या भिंतीचा रंग, प्रायमर, थोडी पुट्टी आणि पेंटरची दोन दिवसांची मजुरी मिळून दगडाच्या भावाच्या पाचव्या हिश्श्यात काम झालं. उरलेल्यात बल्ब बदलले आणि आजीच्या खोलीत पंखा लावला.

तुमच्या घरी करायचं असेल तर ओलीची प्लास्टिकवाली चाचणी पावसाळ्यातच करून घ्या, भिंत तेव्हाच खरं बोलते. रंग पाऊस उघडल्यावर. आणि दिवाळीच्या तोंडावर पेंटर मिळत नाही, त्याला पितृपक्षातच फोन करा. त्या दिवसांत कुणी काम काढत नाही, म्हणून तो मोकळा असतो आणि भावही बरा लावतो.